कानातला बिल्ला आणि आमच्या म्हशीचा कान

कृष्णाकाठची (पलूस तालुका)

नमस्कार मंडळी. लिहायला उशीर झाला, पण गेले पंधरा दिवस गोठ्यातनं मान वर काढायला सवड नव्हती.

आमच्याकडं दोन पंढरपुरी म्हशी, एक मुऱ्हा आणि एक जर्सी गाय. श्रावणात लसीकरणाची फेरी आली तेव्हा थोरल्या पंढरपुरीच्या कानातला सरकारी नंबराचा बिल्ला (टॅग) गळालेला होता, म्हणून नवा मारला. त्या दिवशी आमच्या गल्लीत तासाभरात चाळीसेक जनावरं झाली. बिल्ला मारायची पक्कड एकच, ह्या कानावरनं काढली की त्या कानाला. मध्ये ती पुसलेली मी तरी पाहिली नाही. म्हशीनं मान झटकली, आमच्या ह्यांच्या हातातली म्होरकी सुटली आणि बिल्ला कानाच्या मधोमध न बसता बुडाकडं, जाड भागात बसला. रक्त आलं. "येतंच थोडं, हळद लावा" म्हणून माणूस पुढच्या गोठ्यात गेला.

हळद लावली. पाचव्या दिवशी पहाटे धारेला बसले तर म्हैस मान वाकडी करून उभी. कानाला हात लावला, तव्यासारखा तापलेला. पंढरपुरीचं शिंग कसं असतं माहीतच आहे तुम्हाला, मागं पार खांद्यापर्यंत गेलेलं. तिनं कान हलवला की बिल्ला त्या शिंगाला खालनं घासायचा आणि जखम परत उघडायची. वरनं पावसाची झिमझिम.

आठव्या दिवशी वास यायला लागला. कान इतका सुजला होता की पिवळी चकती मांसात रुतून बसलेली आणि बारा आकड्यांतले पहिले चार दिसतच नव्हते. बॅटरी मारून पाहिलं तर चकतीखाली पांढरं काहीतरी वळवळत होतं. आळ्या.

खाजगी डॉक्टर बोलावले. त्यांनी कटरनं पिन तोडून बिल्ला काढला, टर्पेंटाइनचा बोळा ठेवला आणि चिमट्यानं एकेक आळी काढली. मी धरून उभी होते, सदतीस मोजल्या. म्हैस थरथरत होती पण लाथ नाही मारली तिनं. दिवसाला सात लिटर देणारी म्हैस चारवर आली.

आता तिच्या कानात बिल्ला नाही. बिल्ला नाही तर ती जनावरांच्या नोंदीच्या सरकारी ॲपवर दिसत नाही. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही आणि सरकारी दवाखान्यातली सेवाही नाही, असा नियम आहे. म्हणजे परत भोक पाडणं आलं. मला तीन गोष्टी विचारायच्यात. दुसऱ्या कानात मारला तर चालतो का? किती दिवसांनी? आणि बाहेरच्या देशात मांसाच्या गुरांना इलेक्ट्रॉनिक, म्हणजे चिपचे टॅग मारतात, ते आपल्याकडंही येणार असं ऐकते, त्यानं जनावराचा त्रास कमी होईल की वाढेल?

---

माणदेशी_खिलार (आटपाडी)

ताई, वाचून जीव कळवळला. आमच्या खोंडाचं असंच झालं, फक्त आळ्या पडल्या नाहीत एवढंच. त्याचा बिल्ला टोकाकडं मारला होता. चरायला सोडल्यावर तारकंपाउंडला अडकला आणि कान शेंड्यापर्यंत उभा फाटला. आता दोन पाकळ्या झाल्यात.

खिलाराचा कान केवढा असतो, बारीक, टोकदार. खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक आधी शिंग बघतं, मग कान, मग खूर. फाटक्या कानाच्या खोंडाला दावणीजवळ येऊन माणसं मागं फिरली. पैशाचं जाऊ द्या. बेंदराला त्याला सजवताना कानाजवळ हात गेला की अजून डोकं बाजूला घेतो. दोन वर्षं झाली.

---

पशुवैद्य_खटाव

ताई, आधी म्हशीचं बघू. दुसऱ्या कानात टॅग चालतो. ॲपमध्ये जुना नंबर बदलून नवा चढवायची सोय आहे, तिची आधीची नोंद पुसली जात नाही. पण जखम भरून खपली सुटेपर्यंत घाई करू नका. माझ्या हिशोबानं महिनाभर थांबा. तोवर कागद लागलाच तर डॉक्टरांकडनं उपचाराची चिठ्ठी घेऊन ठेवा.

टर्पेंटाइन कानाच्या भोकात ओतायचं नाही, बोळा फक्त जखमेपुरता. आळ्या निघाल्या म्हणजे झालं असं समजू नका. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि अंडी फुटायला एक दिवस पुरतो. जखम रोज पोव्हिडोन आयोडीननं धुवा आणि माशी न बसणारा स्प्रे वा मलम कडेनं लावा.

आता टॅग कुठं मारायचा ते लिहितो. कानावरनं बोटं फिरवली की कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, दोन जाड पट्टे हाताला लागतात. पिन त्या दोघांच्या मधल्या सपाट जागेत गेली पाहिजे, शीर चुकवून. बुडाकडं गेली की कान जाड, चकत्या दाबतात, वारा लागत नाही, पू होतो. टोकाकडं गेली की फाटतो, आटपाडीच्या दादांनी लिहिलं तसा. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली जखम चामडीसारखी पटकन भरत नाही. वासराला मारताना चकती आणि कान यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते, कारण कान वाढतो आणि पिन वाढत नाही.

पक्कड न पुसण्याबद्दल मात्र मला जोरानं बोलायचंय. ॲनाप्लाज्मा ह्या जंतूचा रक्तातला रोग गोचिडानं पसरतो तसाच रक्त लागलेल्या हत्यारानंही पसरतो. शिंग कापायची करवत, सुई, टॅगची पक्कड, सगळं त्यात आलं. दोन जनावरांच्या मध्ये पक्कड आणि पिन जंतुनाशकात बुडवायला दहा सेकंद लागतात. लसीकरणाच्या फेरीत ती दहा सेकंदं कुणी देत नाही, हे मी आमच्याच लोकांबद्दल लिहितोय. एका माणसावर किती गावं आहेत तेही मला माहीत आहे. तरीही.

---

बागायतदार_वाळवा

एक विचारू का? नाकात वेसण घालतो तेव्हा नाक टोचतोच की. बैलाच्या खुराला पत्री (नाल) मारताना आडवा पाडतो. शिंगकळी जाळतो. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय आणि १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातही शिंग काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलं तर गुन्हा नाही. मग एका बिल्ल्याचा एवढा बाऊ कशाला? रोगराई थांबवायची तर नंबर लागणारच.

---

कृष्णाकाठची

दादा, रागानं नाही लिहीत. वेसण आमच्या सासऱ्यांनी घातली तेव्हा आदल्या दिवशी दाभण उकळून घेतला होता, आणि पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ नाकाला तेल लावायला ते स्वतः जायचे. ज्यानं टोचलं तोच बरं करत होता. बिल्ला मारणारा परत आमच्या गोठ्यात पुढच्या लसीला येणार, सहा महिन्यांनी. मधल्या काळात त्या भोकाचं काय झालं हे कुठल्याच वहीत नाही.

नंबर नको असं मी म्हटलेलं नाही. २०२२ ला लंपी आली तेव्हा माझ्या बहिणीची गाय गेली, जत तालुक्यात. पंचनाम्यात बिल्ल्याचा नंबर घातला आणि तिला गाईचे ३०,००० रुपये मिळाले. नंबराचा उपयोग मला पटलेला आहे.

---

कोरेगावकर_क्वीन्सलँड

मूळचा कोरेगाव तालुक्यातला, दहा वर्षं ऑस्ट्रेलियात मांसाच्या गुरांच्या फार्मवर काम करतो. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो.

इकडं जुलै २००५ पासून देशभर गाईगुरांना इलेक्ट्रॉनिक टॅग सक्तीचा आहे. जिथं जन्मलं तिथला पांढरा टॅग, दुसरीकडं जाऊन मारला तर नारिंगी, उजव्या कानात. अमेरिकेनं ५ नोव्हेंबर २०२४ पासून एका राज्यातनं दुसऱ्यात जाणाऱ्या ठरावीक गुरांना तो सक्तीचा केला, त्यात सगळ्या दुभत्या गाई आल्या. ब्रिटनमध्ये मॅड काऊचा (गुरांच्या मेंदूच्या रोगाचा) हाहाकार झाल्यावर प्रत्येक जनावराचा पासपोर्टच आला. तिथं मांसाच्या वासराला वीस दिवसांच्या आत दोन्ही कानांत टॅग लागतो, दुभत्या गाईच्या वासराला पहिला छत्तीस तासांत. दीड दिवसाचं वासरू, विचार करा.

भोक तेवढंच पडतं. चिप आहे म्हणून दुखणं कमी होत नाही. फरक नंतर पडतो. तुमच्याकडं बारा आकडे वाचायला जनावर पकडायचं, कान ओढायचा, शेण पुसायचं, मोबाईल बारकोडसमोर धरायचा. लसीला एकदा, रेतनाला एकदा, बाजारात एकदा. ताजी जखम असलेला कान दरवेळी ओढला जातो. इथं हातात काठीसारखा रीडर असतो, तो कानाजवळ नेला की नंबर येतो, कानाला हात लागत नाही. जनावराच्या दृष्टीनं इलेक्ट्रॉनिक टॅगचा खरा फायदा मला हाच दिसतो.

दुसरी बाजूही सांगतो. इथंही टॅग गळतात, कान फाटतात. गळाला की परत भोक. हल्ली सौरऊर्जेवर चालणारे, जनावर कुठं आहे ते दाखवणारे टॅग आलेत, ते साध्या चकतीपेक्षा बरेच जड. ते पाहिले की मला कानाची काळजी वाटते. आणि शेकड्यानं गुरं एकामागनं एक खोड्यात (जनावर उभं जखडायच्या चौकटीत) घेतली की चिडलेली, घाबरलेली जनावरं उधळतात. टोचण्यापेक्षा त्या पकडण्याचाच त्रास जास्त होतो असं मी रोज बघतो.

पण मी काम करतो तिथं दोन गोष्टी पाळतात. माश्यांच्या दिवसांत टॅगिंग ठेवत नाहीत. आणि मान घट्ट धरणाऱ्या खोड्याशिवाय पक्कड हातात घेत नाहीत. तुमच्या म्हशीचा बिल्ला बुडाकडं गेला तो मान सुटल्यामुळंच गेला, ताई.

---

सातारी_कंदी

चिपमुळं रेडिएशन होऊन दूध नासतं, गाभ जातो असं आमच्या डेअरीच्या ग्रुपवर फिरतंय. खरं आहे का?

---

कोरेगावकर_क्वीन्सलँड

नाही हो. त्या नेहमीच्या चिपच्या टॅगमध्ये बॅटरीच नसते. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक बारीक चिप. रीडर जवळ आला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, नंबर सांगते आणि गप्प बसते. गुरांच्या टॅगला जगात बहुतेक ठिकाणी १३४.२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे कमी कंपनाच्या रेडिओ लहरी वापरतात. काळजी करायची तर भोकाची करा. आणि लांब कशाला जाता, भिलवडीला चितळ्यांच्या डेअरीनं जनावरांच्या कानात आरएफआयडी (चिपचे) टॅग घालून नोंदी ठेवायला कधीच सुरुवात केली.

---

म्हसरांचा_बाजार (मिरज)

मी म्हशींच्या व्यापारात आहे, लपवत नाही. २०१५ पासून आपल्या राज्यात गाय, बैल, वळू कशाचीच कत्तल चालत नाही, त्यामुळं मांसासाठी जाते ती म्हैस आणि रेडा. ह्या धाग्यावर कुणी रेडकाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

म्हशीला टॅग मारायला सगळे तयार असतात, त्यावर योजना आहेत. रेडकाला कोण मारतो? ते चार-सहा महिन्यांत जाणार म्हणून त्याची नोंदच नको असते. मग बाजारात आणायच्या आदल्या रात्री घाईनं मारतात. ताजं भोक, रक्त वाळलेलं, तसंच गाडीत भरलं जातं, दुसऱ्याच्या शिंगाला, फळीला घासत. मी रेडकं उतरवून घेतलीत ज्यांच्या कानाला अजून ओल होती.

याच्या उलटं एक आहे, ते जास्त वाईट. जर्सी-होल्स्टीनचे गोऱ्हे विकता येत नाहीत, पोसायला परवडत नाहीत, म्हणून रात्री हायवेला सोडतात. कानात बिल्ला असला तर मालक सापडेल. म्हणून बिल्ला काढतात. पिन तोडायला कटर लागतो आणि तेवढी तसदी कोण घेणार, कातरीनं किंवा विळ्यानं कानाचा तुकडाच उडवतात. अर्धा कान गेलेली गोऱ्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. तो इलेक्ट्रॉनिक आला तरी हेच होणार, उलट जास्त होईल, कारण त्याचा माग पक्का.

---

पशुवैद्य_खटाव

मिरजेच्या भाऊंनी लिहिलं ते खरं आहे, आणि लिहायला धीर लागतो. अर्ध्या कानाची जनावरं आमच्याकडंही येतात, गोशाळेतनं.

इलेक्ट्रॉनिकमध्ये कानाबाहेरचे प्रकारही आहेत. एक म्हणजे सिरॅमिकची जाड गोळी, तिच्या पोटात चिप. घशातनं गिळवली की पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते आणि वजनामुळं तिथंच राहते. भोक नाही, माशी नाही, विळ्यानं कापताही येत नाही. युरोपात शेळ्यामेंढ्यांत ती वापरतात. पण फार लहान वासराला देता येत नाही, चुकीच्या हातानं दिली तर घशाला इजा होते, आणि शेतकऱ्याला बाहेरनं नंबर दिसत नाही. कातडीखालची चिप जागा सोडून सरकते, आणि मांसाच्या जनावरात ती कुठं गेली हे शोधणं अवघड. नाकाच्या शेंड्याच्या ठशावरनं ओळख पटवायचे प्रयोगही चाललेत. प्रत्येक जनावराचा तो ठसा वेगळा असतो, आपल्या अंगठ्यासारखा. तो सुधारला तर मला सगळ्यात आनंद होईल.

---

माणदेशी_खिलार

डॉक्टर, नाकाचा ठसा आला तर आमची पोरं नाचतील.

---

दूधसंकलन_फलटण

मी गावातल्या संकलन केंद्रावर असतो. आमचीही चूक मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं, पण गाईला टॅग पाहिजे आणि तो मालकाच्या आधारला जोडलेला पाहिजे. मुदत जवळ आली तशी आमच्या केंद्रापुढं रांग लागली. मीच लोकांना फोन करून सांगत होतो, आज मारून घ्या, उद्या मिळणार नाही. एक-दोन ठिकाणी गाभण गाईसुद्धा ओढून धरल्या, आठवा-नववा महिना. थंडीचे दिवस होते म्हणून माश्या नव्हत्या, तेवढं नशीब. हेच श्रावणात झालं असतं तर ताईंच्या म्हशीसारख्या किती निघाल्या असत्या, सांगता येत नाही.

ताईंचं वाचल्यावर काल संध्याकाळी दूध घेताना प्रत्येकाला विचारलं, टॅगमुळं कान चिघळला होता का? चौदा जणांना विचारलं, पाच जण हो म्हणाले. पाचांतल्या एकानंही कुठं कळवलं नव्हतं. कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

---

बागायतदार_वाळवा

चौदात पाच. मी आज आमच्या दावणीची सगळी जनावरं बघितली. एका कालवडीच्या कानाला चकतीमागं वाळलेल्या पुवाची खपली आहे, मला पत्ताच नव्हता. ताई, सासऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते डोक्यात बसलं. डॉक्टर, ह्याला काय करू?

---

पशुवैद्य_खटाव

कोमट मिठाच्या पाण्यानं खपली भिजवा, ओढू नका. चकती हळूच फिरवून बघा. फिरली आणि खालची कातडी कोरडी असली तर आयोडीन लावत राहा, बिल्ला काढायची गरज नाही. फिरत नसली, किंवा कान गरम, वास येत असला तर थांबू नका, १९६२ ह्या सरकारी पशुवैद्यकीय मदतीच्या नंबराला फोन करून फिरत्या दवाखान्याची गाडी बोलवा.

आणि सगळ्यांनाच सांगतो. टॅग मारल्यावर तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी चकतीच्या दोन्ही बाजू बोटानं चाचपा. मी आमच्या दवाखान्यात लसीकरणाच्या वहीत एक रकाना पेननं आखलाय, 'कान, दहावा दिवस'. ॲपमध्ये तसा रकाना नाही. तो असावा म्हणून वरती लिहून पाठवलंय.

---

कृष्णाकाठची

महिना झाला, म्हणून कळवते. काल डावा कान झाला.

या वेळी आम्ही म्हशीला गल्लीतच मारू दिलं नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत दवाखान्यातल्या खोड्यात घेतली. डॉक्टरांना (पहिले नव्हेत, दुसरे) मी घरनं डेटॉलच्या पाण्याचा डबा नेऊन दिला. ते हसले नाहीत, पक्कड आणि पिन त्यात बुडवली. आधी बोटानं पट्टे चाचपले, पेननं ठिपका काढला, कान उजेडाकडं धरून शीर बघितली. मग एकदाच, कटकन. म्हशीनं डोळे मोठे केले, एकदा कान झाडला आणि पुढ्यातल्या कडवळाकडं वळली. रक्ताचे दोन थेंब.

मी म्हटलं, शिंगाला घासतोय का बघा. त्यांनी तिला मान हलवू दिली. चकती शिंगाच्या दोन बोटं खाली राहतेय.

फलटणच्या दादांसारखं मीही आमच्या संकलन केंद्रावर विचारायला लागलेय. बायका जास्त सांगतात, कारण धारेला त्याच बसतात, कान त्यांनाच दिसतो. ज्यांचे कान चिघळलेत त्यांची यादी करतेय, जनावराचा नंबर, टॅग मारल्याची तारीख आणि कानाचा फोटो. कडेगाव, तासगाव, खानापूरकडच्या कुणाकडं असतील तर इथंच टाका, म्हणजे अर्ज एकत्र देता येईल.

दूध सहा लिटरवर आलंय. उजव्या कानाला अजून हात लावू देत नाही, हात नेला की मान खाली घालते. डाव्या कानाचा तिसरा दिवस परवा आहे.